आंबेनळी घाटाने महाडला उतरताना : वेळ, ब्रेक आणि जुनी वाट

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिले असेल तर आपल्याला लगेच दिसेल. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सांगलीहून स्वतःच्या गाडीने पहाटे निघायचे, महाबळेश्वर आणि प्रतापगड करून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, त्याच रात्री महाडला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी रायगड पाहायचा, असा आपला बेत आहे. गाडीत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, पत्नी आणि पाचवीतला मुलगा आहेत. गाडी नवी, पेट्रोलवर चालणारी आणि ऑटोमॅटिक आहे. आपला हात महामार्गावर बसलेला आहे, घाटाची सवय नाही. मुलाला ‘अफझलखान आला तो रस्ता’ दाखवण्याची आपली हौस आहे, आणि मेहुण्यांनी ‘आंबेनळीत माणसे गेली आहेत, कुंभार्ली घाटाने जा’ असे सांगितल्यापासून आपला निर्णय होत नाही. घाट सुरक्षित आहे का, एवढे एकच वाक्य आपण शेवटी विचारले आहे.

साताऱ्यात माझा प्रवासी गाड्यांचा व्यवसाय आहे. सुरुवातीची बरीच वर्षे मी स्वतः गाडी चालवली. आता नव्या चालकांना घाटावर तयार करण्याचे काम माझ्याकडे असते आणि त्यासाठी महाबळेश्वर-पोलादपूर हा रस्ता मी मुद्दाम निवडतो, कारण घाटात जे जे शिकावे लागते ते सगळे या चाळीस किलोमीटरमध्ये एकदा तरी समोर येते. त्या अनुभवावरून सांगतो, की आपल्या बेतात घाट ही अडचण नाही. अडचण आहे ती घाटाच्या वाट्याला आलेल्या वेळेची. सांगली ते सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, सातारा ते महाबळेश्वर मेढ्यावरून सुमारे पंचावन्न, तिथून पोलादपूर चाळीस आणि पुढे महाड अठराएक. बेरीज अडीचशेच्या आतच राहते आणि महामार्गावर चालवणाऱ्याला ती किरकोळ वाटते. परंतु वाटेत नाश्ता, महाबळेश्वरात एखादे ठिकाण, तिथल्या बाजारातली कोंडी आणि जेवण धरले, तर पहाटे निघूनही आपण प्रतापगडाच्या पायथ्याशी दुपारी तीनच्या आधी पोहोचत नाही. गड पाहून खाली येईपर्यंत पाच वाजतात, आणि दिवसातले सर्वांत अवघड काम दिवसातल्या सर्वांत थकलेल्या तासांत येऊन पडते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी नकाशावर कळत नाही. हा घाट पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरतो. नोव्हेंबरमध्ये साडेचारपासून सूर्यास्तापर्यंत सूर्य कोकणच्या बाजूला खाली आलेला असतो, त्यामुळे एका वळणावर तो थेट काचेवर येतो आणि पुढच्याच वळणावर गाडी डोंगराच्या गडद सावलीत शिरते. डोळ्यांना या बदलाशी जुळवून घ्यायला काही क्षण लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणांत समोरून वर चढणारी गाडी सावलीत उभी असते. काच आतून थोडी जरी धुरकट असली तरी समोर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नाही. सहाच्या सुमारास अंधार पडतो, घाटात दिवे नाहीत, आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी पावसाळ्यानंतर सगळीकडे शाबूत असेलच असे नाही. हाच घाट सकाळी किंवा दुपारी बारा-साडेबारापर्यंत उतरायला घेतला, तर सूर्य पाठीशी किंवा माथ्यावर राहतो, समोरच्या दरीत उजेड असतो आणि ज्या दृश्यासाठी माणूस या वाटेने जातो ते दृश्यही तेव्हाच खऱ्या अर्थाने दिसते.

म्हणून माझा पहिला आणि मुख्य सल्ला असा, की पहिल्या दिवशी सांगलीहून दुपारी आरामात निघावे, पेठ नाक्यावर महामार्गाला लागून कराडमार्गे साताऱ्याला यावे आणि तिथेच मुक्काम करावा. दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरातील खोल्यांचे दर दुपटीच्या पुढे जातात आणि गाडी लावायला जागा मिळवताना रात्रीचे जेवण लांबते. साताऱ्यात तो प्रश्न येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मेढा-केळघरच्या रस्त्याने निघालात, तर सव्वाआठच्या सुमारास बाजारपेठ जागी होण्याआधी आपण महाबळेश्वरातून बाहेर पडलेले असता. साडेनऊच्या आत वाडा कुंभरोशी, तिथून डावीकडे प्रतापगड, बाराच्या सुमारास पुन्हा कुंभरोशी आणि दीडपर्यंत पोलादपूर. जेवण कोकणात. महाबळेश्वरातील ठिकाणे या बेतात वगळली आहेत, हे मला ठाऊक आहे. त्या गावासाठी वेगळे दोन दिवस काढावेत. प्रतापगड आणि आंबेनळी यांच्या आधी ते घाईने उरकण्यात काही अर्थ नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. मेहुण्यांची भीती निराधार नाही. जुलै २०१८ मध्ये सहलीला निघालेली एक बस याच घाटात दरीत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे दगावली. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला, तेव्हा या घाटातला रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली. परंतु या दोन्ही घटना जुलैतल्या आहेत, हे लक्षात घ्यावे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पठाराच्या माथ्यावर जांभ्याचा सच्छिद्र थर आणि त्याखाली काळ्या कातळाचे थर अशी इथली रचना आहे. वरच्या थरात मुरलेले पाणी खालच्या कठीण थरावर अडते आणि डोंगराच्या कापलेल्या बाजूने बाहेर पडू पाहते, तेव्हा दरडी सुटतात. गाडीतून उतरताना वरची तांबडी माती संपून काळा खडक सुरू होतो तो बदल मुलाला दाखवता येईल. परतीचा पाऊस थांबून दोन-तीन आठवडे झाले असतील, तर हा धोका बराच कमी झालेला असतो. तेव्हा आपल्या तारखांच्या आधीच्या चार-पाच दिवसांत अवकाळी पाऊस झाला असेल तर माझे उत्तर बदलेल; तसा तो झाला नसेल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा या घाटासाठी वर्षातला उत्तम काळ आहे. डोंगर अजून हिरवे असतात, ओढ्यांना पाणी असते आणि हवेत उन्हाळ्यातली धूळ नसते.

तरीही कापलेल्या डोंगराच्या अगदी खाली गाडी उभी करू नये, मग तिथे कितीही सोयीची सावली असो. रस्त्यावर ताजे बारीक दगड पसरलेले दिसले तर वर आणखी आहेत असे समजून तिथून न थांबता पुढे व्हावे.

दुसरा भाग ब्रेकचा, आणि इथे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण आपल्यासारख्या चालकाला खरी अडचण इथे येते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे सत्तर मीटरवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ खाडीच्या पातळीला. पाच माणसे आणि सामान धरून दीड टनाच्या आसपास भरणारी गाडी तेवढी खाली उतरवताना जी ऊर्जा मोकळी होते ती कुठेतरी जिरवावी लागते. ती जिरवण्याची दोनच ठिकाणे आहेत : चाकांवरचे ब्रेक किंवा इंजिन. महामार्गावर चालवणारा माणूस ऑटोमॅटिक गाडी ‘डी’ मध्ये ठेवतो आणि उतारावर पाय ब्रेकवर टेकवून ठेवतो; गाडी मऊ, हळू चालते, म्हणून त्याला आपण सावधपणे चालवत आहोत असेच वाटते. प्रत्यक्षात ब्रेकचे पॅड आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क सतत घासत राहून तापतात, पॅडची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जाऊ लागते. तोपर्यंत कसलीही सूचना मिळालेली नसते, फक्त वास येतो.

सुट्टीच्या दिवशी दुपारी कुंभरोशीच्या टपऱ्यांपाशी उभे राहिले की हा वास ओळखायला शिकता येते. क्लच प्लेट जळाल्यासारखा, थोडा रबरी, थोडा गोडसर. महाबळेश्वरहून उतरून आलेली एखादी गाडी थांबते, पुढच्या उजव्या चाकाच्या जाळीतून पातळ निळसर धूर निघत असतो, चालक खाली उतरून चाकाकडे बघतो आणि मागच्या सीटवरची पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतू लागतो. डिस्कवर पाणी पडताच फसफस असा आवाज येतो आणि सगळे घरचे लोक मागे सरकतात. ते कधीही करू नये. तापलेले ओतीव लोखंड एकाएकी गार झाले की डिस्क वाकते किंवा तिला चीर जाते, आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबताना स्टेअरिंग थरथरायला लागते. वास आला तर सपाट जागी, हँडब्रेक ओढून न ठेवता, गिअर ‘पार्क’ मध्ये टाकून आणि चाकामागे दगड लावून वीस मिनिटे थांबावे. वाऱ्याने डिस्क आपोआप गार होते. हँडब्रेक न ओढण्याचे कारण असे, की तापलेल्या ब्रेकवर पॅड किंवा शू दाबून राहिले तर ते चिकटू शकतात.

हे टाळण्याचा उपाय सोपा आहे. आपल्या गाडीत गिअरच्या दांडीजवळ ‘एम’ असे अक्षर व अधिक-उणेची खूण असेल, किंवा ‘एल’ वा ‘एस’ असेल, किंवा स्टेअरिंगमागे दोन पॅडल असतील. घाटाच्या तोंडाशी गाडी हाताने दुसऱ्या गिअरवर घ्यावी आणि तिथेच ठेवावी. फार तीव्र वळणावर पहिल्यावर आणावी. जुन्या चालकांचा नियम असा, की ज्या गिअरमध्ये चढ चढावा त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि तो आजही लागू आहे. इंजिनचा आवाज वाढेल, काटा तीन हजारांच्या पुढे जाईल, आई मागून ‘गाडीला काय झाले’ म्हणून विचारतील. काही झालेले नसते. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आजच्या इंजिनांत पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंदच असतो, त्यामुळे त्या आवाजाने पेट्रोल जाते ही समजूतही चुकीची आहे. एवढे करून जो वेग उरतो तो वळणाच्या आधी, सरळ भागात, एकदा ठामपणे ब्रेक दाबून उतरवावा आणि पाय पूर्ण सोडावा. वळणात शिरल्यावर ब्रेक नको. उतारावर गाडी ‘न्यूट्रल’ मध्ये टाकणे किंवा इंजिन बंद करणे, हे पेट्रोल वाचवण्याचे मार्ग म्हणून अजूनही सांगणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये. इंजिन बंद झाले की काही दाबांनंतर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि स्टेअरिंगही जड होते.

निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल किती जुने आहे ते पाहावे. दोन वर्षे झाली असतील तर बदलावे. खर्च किरकोळ आहे. आपली गाडी नवी असल्याने आपल्याला ही चिंता नसावी, पण हे उत्तर वाचणाऱ्या इतरांना असेल. विजेवरच्या गाड्यांसाठी वेगळी सूचना आहे : महाबळेश्वरला बॅटरी शंभर टक्के भरून उतरू नये, कारण भरलेल्या बॅटरीत उतारावर तयार होणारी वीज साठवायला जागा नसते आणि मोटारीचा तो रोधक परिणाम नेमका घाटाच्या सुरुवातीलाच मिळत नाही.

समोरून येणाऱ्या वाहनांबद्दल. वर चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी असा नियमच आहे, कारण चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा उचलणे कठीण असते. आपण उतरत असल्याने थांबण्याची जबाबदारी आपली. एसटीचे चालक या बाबतीत सर्वांत भरवशाचे, हे मी व्यवसायातला माणूस म्हणून सांगतो, पण त्यांची वळण्याची पद्धत समजून घेतली पाहिजे. पिनासारख्या वळणावर एसटी आधी बाहेरच्या कडेला, म्हणजे जवळजवळ आपल्या बाजूला येते, मग तोंड आत वळवते आणि तिची मागची बाजू आतल्या कठड्याजवळून घासत जाते. त्या वेळी रस्त्याची पूर्ण रुंदी तिला लागते. ‘ती माझ्या लेनमध्ये का आली’ असे म्हणून हॉर्न वाजवत पुढे घुसणारा चालक स्वतः अडकतो आणि तिलाही अडकवतो. वळणाच्या अलीकडे दोन गाड्यांच्या लांबीइतके अंतर सोडून, डोंगराच्या कडेला नव्हे तर आपल्याच डाव्या बाजूला, थांबून तिला निघू द्यावे. तिच्यामागे दोन-तीन गाड्या चिकटून येतातच, हेही गृहीत धरावे. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा. धुके असेल तर दिवे खालच्या झोतावर ठेवावेत आणि चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नये, कारण मग आपण कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

आता मुलाला दाखवायच्या रस्त्याबद्दल. आपण ज्या डांबरी रस्त्याने उतराल तो खान आला तो रस्ता नव्हे, आणि हे त्याला आधीच सांगितले तर प्रवास त्याला जास्त कळेल. देशावरून कोकणात उतरण्याची या भागातली प्राचीन वाट म्हणजे पारघाट. ती पार या गावावरून जात असे आणि तिच्यावर ताबा होता जावळीच्या मोऱ्यांचा. चंद्रराव मोऱ्यांच्या तोंडी घातले जाणारे ‘येता जावळी, जाता गोवली’ हे वाक्य याच दाट जंगलाच्या आणि अडचणीच्या वाटांच्या भरवशावर बोललेले आहे. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच वर्षी भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभारायला सुरुवात झाली. गड तिथेच का, याचे उत्तर गडाच्या माचीवरून दिसते : एका अंगाला पार आणि कोयनेचे खोरे, दुसऱ्या अंगाला किनेश्वर आणि कोकण. ज्याच्या हाती हा डोंगर, त्याच्या हाती घाट.

१६५९ मध्ये अफझलखान वाईहून महाबळेश्वरच्या पठारावर चढला आणि रडतोंडीच्या घाटाने पारच्या बाजूला उतरला. त्याची छावणी पारला होती आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी भेट झाली ती प्रतापगडाच्या पायथ्याशी. आपण नोव्हेंबरमध्येच जात आहात, त्यामुळे जंगलाची दाटी, गवताची उंची आणि दुपारची हवा साधारण त्या दिवसांसारखीच असेल, हे मुलाला सांगण्यासारखे आहे. जुनी वाट खरोखर पाहायची असेल तर कुंभरोशीहून थोडे खाली पार गावात जावे. तिथे रामवरदायिनीचे देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकाळातला दगडी कमानींचा पूल आजही उभा आहे. पुलावर उभे राहून वर महाबळेश्वरच्या कड्याकडे पाहिले, की हत्ती, तोफा आणि तंबूंचे सामान घेऊन एवढे सैन्य त्या उतारावरून खाली आणणे म्हणजे काय झाले असेल, याचा अंदाज पुस्तकाशिवाय येतो. माझ्याबरोबर आलेल्या प्रवाशांपैकी बहुतेकांना प्रतापगडावरच्या पुतळ्यापेक्षा हा पूल जास्त काळ लक्षात राहतो.

सध्याचा घाटरस्ता इंग्रजांच्या काळातला आहे. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झजेराल्ड यांचे नाव इंग्रजांनी त्याला दिले होते, आणि जुन्या कागदांत तो फिट्झजेराल्ड घाट म्हणूनच सापडतो. त्याआधी मुंबईहून महाबळेश्वरला येणारे साहेब लोक समुद्रमार्गे बाणकोटच्या खाडीत शिरून महाडच्या दिशेने येत आणि पुढे पारघाटाने पालखीतून वर चढत. बैलाच्या पाठीवरचे ओझे किंवा पालखी चढू शकते तिथे बैलगाडी चढत नाही. चाकांना सौम्य चढ लागतो. म्हणून जुनी वाट डोंगराच्या सोंडेवरून जवळजवळ सरळ उतरते, तर गाडीरस्ता डोंगराला लपेटत, लांबी वाढवत तीच उंची गमावतो. आपल्याला घाटात जी वळणे त्रासदायक वाटतात, ती या सौम्य चढासाठी मोजलेली किंमत आहे. पाण्याचीही गंमत इथेच पाहावी. कुंभरोशीच्या पूर्वेला पडलेला थेंब कोयनेत, तिथून कराडला कृष्णेत आणि शेवटी आपल्या सांगलीच्या घाटावरून पुढे बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेला पडलेला सावित्रीत जाऊन बाणकोटला अरबी समुद्राला मिळतो. सांगलीच्या मुलाला कोयनेचे पाणी म्हणजे काय ते पुराच्या निमित्ताने ठाऊक असतेच.

मुलाच्या हौसेसाठी साताऱ्याहून मेढ्याऐवजी पाचवड, वाई, पसरणी घाट, पाचगणी असे गेलात तर खानाच्या वाटेशी जास्त जवळीक साधते. त्याला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो आणि पाचगणीत कोंडी होते; सकाळी साताला वाई सोडू शकणार असाल तरच हा विचार करावा. मी स्वतः मेढ्याचाच रस्ता घेईन. तोही जावळी तालुक्यातूनच जातो.

आई-वडिलांबद्दल आपण गुडघ्यांचा उल्लेख केला आहे. प्रतापगडाला चारशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि वर जायला दोरवाट नाही. भवानीमातेचे देऊळ खालच्या किल्ल्यात आहे, तेवढे अंतर सावकाश, थांबत थांबत बऱ्याच वयस्कर माणसांना जमते. बालेकिल्ल्याचा आग्रह धरू नये. रायगडाला मात्र रोपवे आहे, म्हणून दोन्ही गडांची दमछाक त्यांच्यावर एकाच सहलीत टाकायची नसेल तर प्रतापगडावर देवळापर्यंत आणि रायगडावर रोपवेने असे वाटून घ्यावे. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला प्रतापगडावर शिवप्रतापदिन साजरा होतो. त्या दिवशी बंदोबस्त आणि गर्दी मोठी असते, तेव्हा पंचांग पाहून तारीख ठरवावी. ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवावे, पोटात थोडे कोरडे खाणे असू द्यावे, आणि उलटीची गोळी घाट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी द्यावी; आई-वडिलांची इतर औषधे चालू असतील तर ती कोणती चालेल हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. माकडांना काही खायला घालू नये. ती मग गाडीच्या खिडकीत हात घालतात आणि घाबरलेला चालक पाय भलतीकडे दाबतो.

पेट्रोल महाबळेश्वरला चढण्याआधीच भरून घ्यावे, घाटात पंपाची आशा धरू नये. कुंभरोशीच्या पुढे काही वळणांवर मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि महाडच्या मुक्कामी अंदाजे वेळ कळवून ठेवावी. पोलादपूरला महामार्गाला लागलात की उजवीकडे महाड. सवयीने डावीकडे वळणारे लोक काशेडीच्या बोगद्यापर्यंत जाऊन परत येतात.

राहिला कुंभार्लीचा पर्याय. मेहुण्यांचा सल्ला जाण्यासाठी मला पटत नाही, येण्यासाठी पटतो. कराड-पाटण-कोयनानगर-चिपळूण हा रस्ता कोकणाला देशाशी जोडणारा मुख्य माल-वाहतुकीचा रस्ता आहे. तो अधिक रुंद आहे, पण दिवसरात्र ट्रक असतात आणि एखादा ट्रक वळणावर अडकला की तासभर हलता येत नाही. महाडला जाण्यासाठी तो उलटा फेरा आहे आणि प्रतापगड त्यात येतच नाही. परत येताना मात्र रायगड पाहून झाल्यावर खेड, चिपळूण, कुंभार्ली, कराड, सांगली असा मार्ग घेतला तर आपल्याला घाट चढायचा असतो, आणि चढताना ब्रेक तापण्याचा प्रश्न नसतो. ट्रकच्या मागे चढावर उभे राहावे लागले तर ऑटोमॅटिक गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये. विशेषतः एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचा क्लच यंत्राने चालवणारी गाडी असेल तर त्याने क्लच जळतो. ब्रेक दाबून थांबावे, पुढचा ट्रक पुरेसा सरकल्यावरच निघावे. कोयनेच्या परिसरात दुपारचे जेवण करून सांगलीला दिवेलागणीपर्यंत सहज पोहोचता येते.

शेवटी, घाट चालू आहे की बंद याची खात्री कशी करायची ते सांगतो, कारण इथे बाहेरगावचे लोक हमखास फसतात. आंबेनळीचा वरचा भाग सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यात आणि खालचा भाग रायगड जिल्ह्यात पोलादपूर तालुक्यात येतो. खालच्या बाजूला दरड कोसळली किंवा दुरुस्तीसाठी रस्ता बंद केला, तर आदेश रायगडच्या जिल्हा प्रशासनाकडून निघतो आणि बातमी रायगडच्या पानावर छापली जाते. सांगली-साताऱ्याच्या आवृत्तीत ती दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना विचारावे : महाबळेश्वर आणि पोलादपूर या दोन्ही बसस्थानकांवर फोन करून त्या सकाळी एसटी घाटातून सुटली का एवढेच विचारले तरी पुरते. जड वाहनांना बंदी पण मोटारींना मुभा, अशीही स्थिती असते, तेव्हा तेही स्पष्ट करून घ्यावे. ही चौकशी साताऱ्याच्या मुक्कामी नव्हे, सांगलीहून निघताना आणि पुन्हा कराडला चहाला थांबल्यावर करावी. घाट बंद असल्याचे कराडला कळले तर तिथूनच डावीकडे पाटणच्या रस्त्याला लागून कुंभार्लीने चिपळूण गाठता येते आणि प्रतापगड पुढच्या खेपेसाठी ठेवता येतो. महाबळेश्वरला पोहोचल्यावर कळले, तर तेवढाच रस्ता पुन्हा मागे यावा लागतो, आणि भोरवरून वरंधाने उतरू म्हणावे तर तो घाटही बऱ्याचदा त्याच कारणाने बंद असतो.

गाडी कोणत्या प्रकारची ऑटोमॅटिक आहे, एएमटी की सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी, ठरावीक गिअर नसलेली), हे कळवलेत तर हाताने गिअर उतरवण्याची नेमकी पद्धत लिहून देईन. सांगलीहून निघण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून त्याच गिअरमध्ये उतरून पाहिलात, तर इंजिनच्या आवाजाची भीती तिथेच जाईल.